गोड्या पाण्याच्या मागावर: जुन्या कुलाब्यात पाच दिवस

१ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. वडखळच्या पश्चिमेला मात्र 'कुलाबा' अजून कानावर येतं, आणि या सहलीपुरतं तेच नाव सोयीचं आहे. इथे येणारे बहुतेक जण एका दिवसात दोन किल्ले आणि एक समुद्रकिनारा उरकून परततात. वस्ती कशी झाली हे समजून घ्यायचं असेल, तर प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: इथे गोडं पाणी कुठून आलं? तिन्हीसांजेला ज्या खाडीत खारं पाणी वर चढतं, तिच्या काठी माणूस दोन हजार वर्षं टिकला. त्याची उत्तरं बांधात, विहिरीत, पुष्करणीत, हौदात आणि डोंगरातल्या टाक्यात सापडतात.

सहल पौषात केली, शुद्ध चतुर्थी ते अष्टमी. हे दिवस तिथी बघूनच ठरवले होते. कारण पुढे येईलच.

पहिला दिवस (चतुर्थी): खारेपाट

पेणहून अलिबागला जाताना पोयनाडच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट शेतं लागतात. पौषात ती कापणी होऊन पडलेली असतात, त्यामुळे बांध चांगले दिसतात. ही जमीन निसर्गानं दिलेली नाही. खाडीच्या चिखलातून ती माणसांनी उचलून घेतली आहे. तिला खार म्हणतात आणि या पट्ट्याला खारेपाट.

बांधाची रचना कागदावर सोपी आहे. खाडीतलाच चिकट गाळ ढेकळांनी रचत न्यायचा, खाडीच्या अंगाला दगड लावायचे आणि ठरावीक जागी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे पाणी जायची मोरी. तिच्या तोंडावरची फळी बाहेरच्या बाजूलाच उघडते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी तीच फळी दाबून बंद करतं. दिवसातून दोनदा हे आपोआप होतं, कुणी उभं राहावं लागत नाही.

बिघडतं ते तीन कारणांनी. चिंबोऱ्या बांधात बिळं करतात. बिळातून आधी पाझर लागतो, मग धार, आणि एका उधाणाला बांध फुटतो. या फुटीला खांड म्हणतात. दुसरं कारण उघाडीच्या फळीत अडकलेला ओंडका: फळी बोटभर उघडी राहिली तरी रात्रीतून खारं पाणी शेतात पसरतं. तिसरं म्हणजे बांधाबाहेरची कांदळवनं तोडणं. लाटेचा पहिला मार ती झाडं खातात. ती गेली की तो मार थेट दगडांवर येतो. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत भात नीट येत नाही. म्हणून खांड दिसली की सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून ती बांधायची, अशी जुनी रीत आहे. तिला जोळ म्हणतात. शेत कुणाचंही असो, माणसं घरटी येतात.

नवा बांध घातल्यावरही पहिल्या वर्षी शेत होत नाही. पावसानं मीठ खाली उतरावं लागतं. सुरुवातीला खारं सोसणारं तांबडं भात घ्यायचं, मग हळूहळू पांढऱ्याकडे वळायचं. इतकी वर्षं पदरचं घालून बांध घालणाऱ्यांना शिलोत्रीदार म्हणत आणि राज्यकर्ते त्यांना सवलती देत. जमीन तयार झाल्यावर मात्र ती कसणाऱ्याच्या हातात राहिलीच असं नाही.

याच पट्ट्यातलं चरी गाव त्यासाठी पाहावं. २७ ऑक्टोबर १९३३ ला इथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय झाला. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं पडीक ठेवून माणसांनी लाकूडफाटा विकून आणि मासे मारून दिवस काढले. कुळांना कायद्यानं मिळालेल्या हक्कांची मुळं इथपर्यंत जातात. किल्ल्यांच्या पाट्या रस्त्यावर शंभर दिसतात. चरीकडे वळायचं तर गावाचं नाव विचारत जावं लागतं, हे खटकतं.

रात्री शेतावर पोपटी. हा काळ वालाच्या शेंगांचा असतो, म्हणून पोपटी थंडीतच. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये अंडी, बटाटे आणि केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासानं मडक्यावर पाण्याचे चार थेंब टाकून बघतात, चर्रकन उडाले की झालं. पाला सैल भरला तर वाफ निघून जाते आणि शेंगा करपतात. भांबुर्ड्याचा उग्र वास वालाला धरतो, दुसरा पाला वापरून ती चव येत नाही. शेजारी जिताड्याचं तळं होतं. खारेपाटात घराजवळच्या तळ्यात हा मासा वाढवतात आणि पाहुण्यासाठी राखून ठेवतात.

दुसरा दिवस (पंचमी): कुलाबा किल्ला, अलिबाग, नवगाव

आता तिथीचं कारण. या किनाऱ्यावर कोळ्यांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्यात सहा तास मिळवले की पावणेदहाला ओहोटीचा तळ. पंधरवडा शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, पंधरा-वीस मिनिटं इकडे-तिकडे. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी फार चढतं आणि फार उतरतं. पण तेव्हा तळ पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येतो. अष्टमी-नवमीला भांग असते. तळ दुपारी येतो खरा, पण पाणी पुरतं हटत नाही आणि वाटेवर गुडघाभर राहतं. किल्ल्यात चालत जायला चौथ ते षष्ठी उत्तम.

तळाच्या दीड तास आधी निघावं आणि तळानंतर तासाभरात परतीची वाट धरावी. अंतर दीडेक किलोमीटर. खडकांवर शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडा असतात, म्हणून मागे पट्टा असलेली चप्पल हवी, अनवाणी नको. पाणी परत येतं ते समोरून दिसत नाही. आधी दोन्ही अंगांच्या घळी भरतात आणि मग वाट तुटते. उशीर झाला तर होडीची वाट बघावी, पाण्यात उतरू नये. घोडागाड्याही असतात.

बांधकामाचा हुकूम शिवाजी महाराजांनी १६८० च्या मार्चमध्ये दिला, काम संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं. तटाचे प्रचंड दगड नुसते एकमेकांवर बसवले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरून ओसरतं आणि तटाला धक्का कमी बसतो. उत्तरेला सर्जेकोट नावाचं धाकटं भावंड आहे, दगडी वाटेनं जोडलेलं.

आत सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो पाण्याला. चहूबाजूंनी समुद्र, आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर आणि पुष्करणी. शेजारचं सिद्धिविनायकाचं मंदिर राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. तटावरच्या गाड्यावरच्या दोन तोफांपाशी सगळे फोटो काढतात आणि त्या आंग्र्यांच्या समजतात. तोफांवर १८४९ साल आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. आंग्र्यांचं राज्य कंपनीनं त्याच्या काही वर्षं आधीच खालसा केलं होतं. वाकून अक्षरं वाचली की उलगडतं.

कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ ला वारले. समाधी अलिबाग गावातच आहे, बाजारापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. गावाच्या नावाची गोष्टही पाण्याचीच. अली नावाच्या धनिकानं इथे विहिरी खणून बागा उभ्या केल्या, म्हणून अलीची बाग. काहींच्या मते तो मुसलमान, काहींच्या मते एली नावाचा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. दोन्ही गोष्टींत विहिरी कायम आहेत.

इस्राएल आळीतलं मागेन अबोथ हे सिनेगॉग उघडं असेल तर बाहेरच्या माणसालाही पाहू देतात. डोकं झाकावं, शनिवारी जाऊ नये. या समाजाची परंपरा सांगते, की नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरलं, ते स्थान उत्तरेला नवगावात आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शनवार तेली. गावावरून आडनावं पडली: किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. मराठी आणि पोह्यांचा मलिदा सोबत घेऊन गेले. ओलं खोबरं, साखर, सुकामेवा घातलेले पोहे आणि भोवती फळं. नवस फेडायला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं तो अजून होतो.

वाटेत थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी दिसतात. १६७९ मध्ये महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला पाठवून खांदेरीवर तट चढवायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी जहाजं घालून अडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. लगेच १६८० च्या आरंभी जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, कुलाबा नाही.

तिसरा दिवस (षष्ठी): आक्षी, चौल, रेवदंडा

हा दिवस सगळ्यात भरलेला. सकाळी सातला निघालं तरी पुरत नाही.

अलिबाग सोडलं की लगेच आक्षी. इथल्या शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ वाचलं गेलं आहे आणि त्या हिशेबानं तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत बसतो. वर चंद्र-सूर्य, खाली गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारं गाढवाचं शिल्प. सुरुवात 'गीं सुष संतु' अशी. पुढे पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकण चक्रवर्ती केसिदेवराय असा उल्लेख येतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वी इथे मराठी लिहिणारा कारकून होता, वाचणारी वस्ती होती आणि शाप घालून राखावं असं दानही होतं. अक्षरं झिजलेली आहेत. सकाळी ऊन तिरकं असतानाच ती उठून दिसतात. दुपारी समोरून ऊन आलं की दगड सपाट दिसतो. हात फिरवू नये, खडू तर अजिबात लावू नये.

आक्षी-नागावपासून चौलपर्यंत रस्ता नारळी-पोफळींच्या सावलीतून जातो. प्रत्येक वाडीला विहीर असतेच. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी साठतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं. रहाटगाडग्याचा उपसा बैलाच्या चालीनं व्हायचा, त्यामुळे हा थर टिकला. मोठा पंप लावून एका दमात उपसा केला, की खालचं खारं वर येतं. त्याची पहिली खूण पोफळीवर: शेंडे करपतात. नारळ थोडं खारं सोसतो, पोफळ सोसत नाही. नागावातल्या एका वाडीत आजोबांनी विहिरीची चव घ्यायला लावली. वैशाखात परत या, म्हणजे फरक कळेल, म्हणाले. मार्चनंतर आलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या दिसतील. पौषात कांदा अजून शेतात असतो.

चौल हे एक गाव समजून शोधायला गेलात तर हाती लागत नाही. ते पाखाड्यांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये विखुरलेलं आहे, आणि हाच त्याच्या जुनेपणाचा पुरावा. टॉलेमीनं दुसऱ्या शतकात सिमुल्ला लिहिलं, कान्हेरीच्या लेखांत चेमुल येतं, अरब प्रवाशांनी सैमूर म्हटलं. अल्-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी इथे येऊन गेला. १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर शहराचा अफनासी निकितीन विकायला एक घोडा घेऊन इथे उतरला आणि पुढे जुन्नर, बीदरकडे गेला. त्याचं स्मारक रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात आहे. शाळा सुटल्यावर विचारून आत जाता येतं. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना चौलच्या मातीत सातवाहनकाळापर्यंत मागे जाणारी खापरं मिळाली, त्यांत परदेशी मद्यकुंभांचे तुकडेही आहेत.

रामेश्वराच्या मंदिरासमोरची पुष्करणी मोठी आणि रेखीव आहे. आवारातल्या झाकलेल्या कुंडांत एक पर्जन्यकुंड आहे. पाऊस दडी मारतो तेव्हाच ते उघडायचं, अशी पद्धत. बंदराच्या गावाला समुद्राइतकीच पावसाची काळजी होती, हे इथे कळतं. टेकडीवरच्या दत्तमंदिराच्या पायऱ्या सकाळीच चढाव्यात. वरून खाडी, वाड्या आणि रेवदंड्याचा तट एका नजरेत येतो आणि बंदर नेमकं इथेच का झालं ते नकाशाशिवाय समजतं: कुंडलिकेचं मुख, दक्षिणेला आडोसा देणारं कोर्लईचं नाक, आणि मागे रोह्याकडे घाटाखाली जाणारी पाण्याची वाट.

पोर्तुगीजांनी याच मुखावर बोट ठेवलं. १५०८ मध्ये इथल्या खाडीत इजिप्तच्या आरमारानं त्यांना हरवलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात पडला. तरीही ते परतले. १५२१ मध्ये निजामशहाची परवानगी मिळवून त्यांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. वरचं चौल निजामशाहीचं, खालचं चौल पोर्तुगीजांचं, अशी जोडवस्ती झाली. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहानं वेढा घातला तोही टिकला नाही. अखेर १७४० मध्ये तहानं कोट मराठ्यांकडे आला.

आजचा रस्ता कोटाच्या दरवाज्यातूनच आत शिरतो. त्यामुळे अनेकांना किल्ल्यात आल्याचं कळतही नाही. गाडी बाहेर लावून चालावं. सातखणी मनोऱ्याचे वरचे खण पडले आहेत, आत चढू नये. समुद्राच्या अंगाच्या तटाकडे जाणाऱ्या वाटा वाड्यांतून जातात. त्या खासगी आहेत, विचारून जावं.

चौल कुणी जाळून नाहीसं केलं नाही. कुंडलिकेच्या मुखाशी गाळ भरत गेला, मोठी जहाजं आत येईनात, आणि उत्तरेला मुंबई वाढली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशीम विणणारे साळी चौलहून मुंबईला गेले. भुलेश्वर भागातल्या चेऊलवाडीच्या नावात हे गाव अजून राहतं.

चौथा दिवस (सप्तमी): कोर्लई, मुरूड, जंजिरा

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला १५९४ मध्ये निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी घेतला. दीपगृहाच्या मागून वाट चढते, वीस मिनिटं पुरतात. सावली नाही, म्हणून नऊच्या आत वर पोहोचावं.

किल्ल्यापेक्षा खालचं गाव मोलाचं. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या शिबंदीतली आणि शेतावरची ख्रिस्ती माणसं इथेच राहिली. गोव्याशी संबंध तुटला, शेजारी सगळे मराठी बोलणारे, लग्नं आपापसांत. त्यातून पोर्तुगीज शब्द आणि मराठी वळणाची त्यांची वेगळी बोली टिकून राहिली. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. चर्चपाशी दोन बायका सुकटीचं वाळवण उलटत तिच्यात बोलत होत्या. क्रियापद मराठीसारखं शेवटी येत होतं, आणि शब्द मात्र ओळखीचे नव्हते. पाहुण्यांशी लगेच मराठीत. चारशे वर्षांचा इतिहास ऐकू येतो अशी जागा सगळ्या किनाऱ्यावर ही एकच, त्यामुळे किल्ल्याचा अर्धा तास कमी करावा आणि गावात थांबावं. मोबाइल तोंडासमोर धरून 'बोलून दाखवा' म्हणू नये.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. पावसाळ्यात बंद, शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी थांबतात. आत साधारण पाऊण तास मिळतो. तो तोफांवर न घालवता दोन मोठ्या गोड्या तलावांकडे जावं. परंपरा सांगते, की या बेटावर पहिला मेढेकोट राम पाटील नावाच्या कोळ्याचा. लाकडाच्या मेढी रोवून, चाच्यांपासून बचावासाठी. निजामशाहीच्या पिरमखानानं मद्याची पिंपं उतरवायच्या बहाण्यानं तो घेतला. दगडी कोट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तलावांमुळेच वेढे सोसता आले आणि पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं त्यानंतरही कोटात कुटुंबं राहत होती. पडक्या भिंतींत चुलींचे कोनाडे दिसतात.

समोर कासा बेटावर महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. होडीतून जवळ गेलात तर तटाकडे निरखून पाहा: खाऱ्या वाऱ्यानं दगड आत खात गेले आहेत आणि दोन दगडांमधला चुना पट्टीसारखा बाहेर उभा आहे. कुलाब्याला चुनाच नाही, इथे चुना दगडाला पुरून उरला. दोन्ही काही वर्षांच्याच अंतरानं बांधलेले.

मुरूडला मुक्काम. जेवणात तांदळाची भाकरी आणि बोंबील. उशिरा गेलात तर ताजं मिळत नाही, सहाच्या आधी सांगून ठेवावं.

पाचवा दिवस (अष्टमी): कुडा

परतीला राजपुरीच्या खाडीला वळसा घालून मांदाडजवळच्या कुडा लेण्यांकडे. मुंबईहून थेट यायचं तर इंदापूरहून तळा मार्गे. खाण्याचं काही मिळत नाही, बरोबर घ्यावं.

ग्रीक-रोमन लेखकांनी मांदागोरा म्हणून ज्या बंदराचं नाव घेतलं, ते मांदाड असं मानतात. लेणी २६, बौद्ध, आणि बहुतेकांत दात्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली. इथल्या महाभोज राजघराण्यातली माणसं त्यांत आहेत, पण त्यांच्या शेजारी माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खाडीकाठच्या गावाची ही हजेरी. तळहातानं ऊन अडवलं तर अक्षरं वाचता येतात. विजेरी असेल तर बाजूनं धरावी.

लेण्यांबाहेर कातळात खोदलेली टाकी आहेत. कोरीव लेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात आणि लेण्याच्या दानाबरोबर पोढीचं दान वेगळं नोंदलेलं असतं. अष्टमी असल्यामुळे दुपारी खाली खाडीत भांगेचं पाणी स्तब्ध होतं, ना धड भरलेलं ना सुकलेलं. वरच्या पोढीत पौषातही हातभर पाणी होतं.